सत्काराची पाच मिनिटं

"बाबा, आज काहीही झालं तरी उठायचं नाही हं."

"नाही गं. शपथ."

मुलीने त्यांची कॉलर सारखी केली आणि दोघं तिसऱ्या रांगेत बसले. तळघरकाकांच्या खिशात वार्तापत्र होतं, घड्या घालून घालून मऊ पडलेलं. इमारतींची देखभाल करणाऱ्यांच्या संघटनेचं हे पत्र दर महिन्याला यायचं आणि काका ते पंपाच्या खोलीत बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. या खेपेला 'आगामी कार्यक्रम'मध्ये, आग विझवण्याचं प्रशिक्षण आणि लिफ्टवरचं चर्चासत्र यांच्या मधोमध, त्यांचंच नाव होतं. एकाच इमारतीत चौतीस वर्षं सेवा, म्हणून जाहीर सत्कार. इमारतीत मात्र ते नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस सदा तळघरात, म्हणून तळघरकाका.

ते पान त्यांनी मुलीला पाठवलं. आई गेल्यापासून दोन वर्षं ती कामापुरतंच बोलत होती. आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असताना इमारतीतून फोन आला. काका "पाच मिनिटांत येतो" म्हणून गेले आणि चार तासांनी परतले. फुटलेली टाकी वाहायची थांबली होती, नळांना पाणी आलं होतं, पण बायको काही त्यांच्यासाठी थांबली नव्हती. तरीही आज मुलगी रजा काढून आली होती. काकांना मानचिन्हाचं एवढं नव्हतंच. तिच्या शेजारी बसून राहायचं होतं.

अध्यक्षांचं भाषण रंगात आलं तेव्हा काकांच्या तळपायांना फरशीतून थरथर जाणवली. मग बारीक किरकिर. सभागृहात दोनशे माणसं, सगळी याच धंद्यातली. पण खुर्ची मिळाली की माणसाच्या कानांनाही बढती मिळते. कुणी मान वळवली नाही.

"पंप कोरडा चाललाय," काका पुटपुटले.

"ही तुमची इमारत नाही, बाबा."

"पंप तो पंपच ना! जळेल गं तो."

"कुणाला तरी सांगा की."

सांगता आलं असतं. दारातल्या माणसाला सांगायचं आणि परत येऊन बसायचं, इतकं ते सोपं होतं. पण जित्याची खोड! काका उठले. "पाच मिनिटांत येतो," ते म्हणाले. मुलीने वर पाहिलंसुद्धा नाही.

तळघरात त्यांनी आधी पंप बंद केला. टाकी साफ करणाऱ्यांनी जुना, गंजका व्हॉल्व्ह बंद करून तसाच सोडला होता, आणि तो घट्ट बसला होता. पाना शोधण्यात वेळ गेला, व्हॉल्व्ह फिरवण्यात त्याहून जास्त. मग पंपात पाणी भरायचं, हवा काढायची. अखेर पंपाने नीट सूर धरला. काकांना क्षणभर बरं वाटलं आणि मग वरच्या टाळ्या थांबल्याचं लक्षात आलं.

ते धापा टाकत वर आले तर खुर्च्या एकात एक रचणं चाललं होतं. मुलगी दाराशी उभी होती, पर्स खांद्याला लावून.

"तीनदा पुकारलं तुम्हाला."

"अगं, तो पंप..."

"कळलं मला. मी तोंड धुवायला गेले होते. नळ कोरडा होता, मग एकदम पाणी आलं. तेव्हाच कळलं तुम्ही कुठे आहात ते." तिच्या आवाजात राग नव्हता; असता तर काकांना सोसला असता. "आई गेली तेव्हाही कुणाच्या तरी नळाला असंच पाणी आलं असेल, नाही?"

ती पायऱ्या उतरून गेली. तिच्या मागे धावावं असं त्यांना फार वाटलं, पण ते दारातच थांबले.

"अहो काका, होतात कुठे?" संघटनेचे चिटणीस मानचिन्ह घेऊन आले. "निदान एक फोटो तरी काढू. पुढच्या अंकात द्यायचाय."

काकांनी काळे हात पाठीमागे लपवले.

"हात धुऊन येतो," ते म्हणाले. "पाच..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.