ओवलेल्या सुया

सुईबाईने एकतिसावी सुई ओवली, दोऱ्याला गाठ मारली आणि सुई डब्यातल्या छोट्या गादीत टोचून ठेवली. काळ्या दोऱ्याच्या दहा झाल्या होत्या, पांढऱ्याच्या दहा, करड्याच्या दहा. आता निळ्याला सुरुवात होती. खिडकीतून ऊन थेट तिच्या मांडीवर पडलं होतं. मांडीवर नेहमीचं पांढरं कापड पसरलेलं होतं आणि त्याच्याकडे ती मुद्दाम बघत नव्हती.

रफूला ओवून ठेवलेल्या सुया लागत नाहीत. अस्सल रफूला कापडाचाच धागा लागतो. तो आतल्या दुमडीतून उसवून काढायचा आणि भोकावर आडवा-उभा असा विणत न्यायचा, की ज्याचा कोट त्यालाही जागा सापडू नये. हे काम ती तीस वर्षं करत होती, आणि गल्लीने तिचं खरं नाव केव्हाच विसरून तिला सुईबाई करून टाकलं होतं. या ओवलेल्या सुया नजर गेल्यानंतरच्या दिवसांसाठी होत्या. बटण लावणं, उसवलेली शिवण टाचणं, एवढं चाचपून करता येतं. सुई ओवणं तेवढं चाचपून जमत नाही.

ठिपके तीन आठवड्यांपूर्वी आले होते. पांढऱ्या कापडाच्या कडेला, सुईच्या टोकाएवढे, तांबूस. काम करता करता नजर गेली की एखादा सरकल्यासारखा वाटायचा. मग ती डोळे मिटून कापड झटकायची, डोळे उघडायची, आणि कापड कोरं असायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बोट टेकवून बघायचं धाडस मात्र तिला झालं नव्हतं. बोटाला काही लागलं नाही, तर ठिपके कापडावर नाहीत हे ठरल्यासारखंच होतं.

तिची आईही रफू करायची. "कापडावर काहीतरी चालतंय गं," असं आई एकदा म्हणाली होती आणि घरात सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. दोन वर्षांत आई भिंतीला हात लावून चालायला लागली. तेव्हा तिचं वय छप्पन्न होतं. सुईबाई यंदा पंचावन्नची होती.

नवऱ्याला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. लाँड्रीवाल्याला मात्र, कारण न देता, सांगून टाकलं होतं, की हाती असलेला कोट शेवटचा, यापुढे काही पाठवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ पंधरा दिवसांनंतरची मिळाली होती, आणि तिला ती फार लांब वाटली नव्हती. कार्ड तिने सुयांच्या गादीखाली सरकवून ठेवलं होतं.

बेल वाजली. मग दारावर थापही पडली.

"काय सुईबाई, आत कुलूप शिवत बसलीस का?"

वन्सं होत्या. नवऱ्याची थोरली बहीण. बावीस वर्षं रोपवाटिकेत काम करून निवृत्त झालेल्या, आणि तेव्हापासून नात्यातल्या एकूणएक खिडक्यांवर देखरेख ठेवणाऱ्या. सुईबाईच्या खिडकीतल्या तिन्ही कुंड्या, दोन जास्वंदी आणि एक बुटका गुलाब, त्यांनीच दिलेल्या. आल्या आल्या त्या तिकडे गेल्या, आणि जाता जाता स्टुलाला अडखळल्या.

"हे स्टूल कुणी मधे ठेवलंय?"

"ते तिथेच असतं, वन्सं."

जास्वंदीचं एक पान दोन बोटांत धरून वन्संनी नाकापाशी नेलं, आणि त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"अगं, काय अवस्था केलीस यांची?"

"रोज पाणी घालते मी."

"घालतेस. पण बघत नाहीस. पाठ खरखरीत लागतेय. लाल कोळी आहे हा."

"कोळी? मला एकही दिसला नाही."

"माशा धरतो तो नव्हे. याच्यापुढे टाचणीचं टोक मोठं. पानाच्या पाठीला बसतो, रस पितो, आणि पान पिठी भुरभुरल्यासारखं होऊन गळून जातं. हवा कोरडी असली की याची चैन. ते पांढरं कापड दे इकडे."

सुईबाई उठली नाही. "ते कामाचं आहे."

"मग मी काय खेळायला मागतेय?"

वन्संनीच ते तिच्या मांडीवरून ओढून घेतलं, खिडकीच्या फळीवर पसरलं, त्यावर फांदी वाकवली आणि पानांना टिचक्या मारल्या. एक, दोन, तीन.

"थांब जरा, आणि बघ. धूळ असेल तर पडून राहील. कोळी असेल तर चालायला लागेल."

सुईबाईने मान वळवून बघितलं. ठिपके पडले होते. तेच, तांबूस. आधी काही हललं नाही. मग एक सरकला. मग त्याच्या शेजारचा.

"वन्सं, तुम्हाला दिसतात हे?"

"दिसायला कशाला हवेत?" वन्संनी कापडावरून तळहात दाबून फिरवला. कापडावर विटकरी रंगाचा फराटा उमटला. "हे घे. पटलं आता?"

सुईबाईने फराट्यावर बोट टेकवलं. बोटाला रंग लागला. ती खुर्चीत बसली, आधी हसली, आणि मग हाताच्या पाठीने डोळे पुसत राहिली.

"अगं, झाडाला कीड लागली म्हणून रडतात का? आणि हसतेस काय मधेच?"

"किडे आहेत, वन्सं. खरोखरचे किडे आहेत."

"खोटे कुठे मिळतात?"

तासाभरात तिन्ही कुंड्या न्हाणीघरात होत्या. माती सांडू नये म्हणून त्यांच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. वन्संनी शॉवर हातात घेतला, कुंडी आडवी धरायला सुईबाईला सांगितलं आणि पाण्याचा मारा खालून केला.

"वरून आंघोळ घालून काही होत नाही. यांचा मुक्काम पाठीला. सासरच्या माणसांसारखं, पुढून सगळं छान दिसतं."

"वन्सं, तुम्ही सासरच्याच."

"म्हणून तर आतली बातमी देतेय."

मग बादलीभर पाण्यात थोडा पातळ साबण कालवून दोघींनी मऊ फडक्याने पानं पुसायला घेतली, एकेक, पाठपोट. जी पार गेली होती ती वन्सं कात्रीने छाटत होत्या. छाटता छाटता एक टपोरी, उद्या-परवा उमलली असती अशी कळी खाली पडली.

"वन्सं, ती कळी होती."

"होती तर होती. एका कळीने झाड मरत नाही."

बावीस वर्षं रोपं हाताळलेल्या बाईच्या या बोलण्याचं तिला जरा नवल वाटलं, पण त्या दिवशी वन्संनी अख्खी जास्वंद कापली असती तरी तिने ऐकून घेतलं असतं. तिने फळी पुसली, पडदा धुवायला टाकला, खिडकीच्या खाचा जुन्या ब्रशने घासल्या आणि तेवढा वेळ ती गुणगुणत होती.

"दर पाच दिवसांनी, आणखी दोनदा," वन्सं निघताना म्हणाल्या. "आज गेले ते मोठे. अंडी पाण्याला दाद देत नाहीत. ती फुटली की पुन्हा धुवायचं."

चार दिवस रेंगाळलेला कोट तिने संध्याकाळच्या आत पुरा केला. लाँड्रीवाल्याने तो दारातल्या उजेडात धरला, आडवा केला, उलटा केला.

"कुठे होतं भोक?"

"तुम्ही आणलंत, तुम्ही शोधा."

"आणि हे शेवटचं, म्हणता. मी काय करायचं आता?"

"उद्या काय आहे पाठवायला?"

लाँड्रीवाल्याने कोट खाली केला. "शेवटचं म्हणाला होतात ना?"

"शेवटचा करडा कोट म्हटलं होतं. दुसऱ्या रंगाचे नाहीत का तुमच्याकडे?"

पाचव्या दिवशी वन्सं आल्या. त्यांनी पुसलेल्या गुलाबाच्या दोन-तीन पानांखाली कोळ्याची बारीक जाळी तशीच राहिली होती. सुईबाईने ती काही न बोलता पुन्हा पुसून काढली. दहाव्या दिवशी जास्वंदीला कोवळी, चकचकीत पालवी होती. कापड पसरलं, टिचक्या मारल्या.

"बघ, काही चालतंय?" वन्संनी विचारलं.

सुईबाई वाकून बघत राहिली. धुळीचे दोन कण होते. ते होते तिथेच राहिले. "काही नाही."

"नीट बघ."

"कोरं आहे, वन्सं."

"मग सुटलीस," वन्सं म्हणाल्या आणि पिशवी उचलून दाराकडे गेल्या. तिथून म्हणाल्या, "अगं, त्या दिवशी डब्यात ओवलेल्या सुया होत्या तुझ्या. आहेत का?"

"आहेत की. आता दोरे काढून टाकते."

"काढू नकोस. चार मला दे. दोन काळ्या, दोन पांढऱ्या. बटणं निघालीत माझी."

"का, रोपवाटिकेत सुई ओवायला—" सुईबाई चेष्टेने म्हणू लागली आणि थांबली. वन्सं दारात पायाने चपला चाचपत होत्या. चपला समोरच होत्या, उन्हात. तिला ती टपोरी कळी आठवली. मग कापडावरून फिरलेला तळहात.

"वन्सं, त्या घड्याळात किती वाजले?"

"तूच बघ. तुझे डोळे चांगले आहेत."

न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. सुईबाईने उठून तो घट्ट केला आणि परत आली.

"कसं दिसतं?"

"दुधात पाणी घातल्यासारखं," वन्सं हलकेच म्हणाल्या. "वर्ष झालं असेल. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस, उगाच धावाधाव करेल."

"मोतीबिंदू असेल. काढता येतो तो. कुंड्यांसारख्या तीन खेपासुद्धा लागत नाहीत."

"आणि काढताना डोळा उघडा ठेवतात, ते?"

"मी असेन ना बाहेर."

तिने डब्यातली गादी उचलली. चार सुया काढून कागदात गुंडाळल्या आणि वन्संच्या हातात दिल्या. गादीखालचं कार्ड घेऊन तिने त्यावरचा नंबर लावला.

"शनिवारी अकराची वेळ आहे माझी," ती फोनवर म्हणाली. "नाही, नाही, रद्द नाही करायची. पेशंट बदलायचाय. हो, नणंद आहेत माझ्या. वय?" तिने मनात हिशेब केला. "सहासष्ट."

"चौसष्ट," दारातून आवाज आला. वन्संनी पायात घातलेली एक चप्पल पुन्हा काढली होती आणि त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. "चौसष्ट सांग. आणि तू सोबत येणार आहेस, तेही सांग."