पथ्य कोणी मोडलं

एल्मेरची दातखीळ बसली होती. दोघांनी त्याचे पाय दाबून धरले होते आणि ग्रिमाल्दोबाबा त्याच्या टाळूवर तंबाखूचा धूर सोडत होता. एल्मेरची आई होविता खोपटाच्या दाराशी उभी राहून एकच विचारत होती, "वाचेल ना, बाबा?"

बाबा धूर सोडतच राहिला. सकाळच्या भाताचं भांडं घेऊन आलेली ओर्फेलिना वाटेतच थबकली.

लामास गावाच्या वरच्या डोंगरातल्या या खोपटांमध्ये ती कित्येक वर्षं पथ्याचं जेवण रांधून पोचवत होती. कोकाच्या पानांच्या नशिल्या लगद्याचा धूर ओढून ओढून आतून पोखरलेली पोरं इथे यायची. बाबा त्यांना आधी झाडपाल्याचा रस देऊन ओकायला लावायचा, मग रात्री वेलीचा काढा पाजायचा, आणि वेल ज्याला जे दाखवायचं ते दाखवायची. पण वेल भारी मानी. मीठ, साखर, डुक्कर, बाई, यातलं काही मध्ये आलं की ती उलटते. म्हणून प्रत्येकाला जंगलात वेगळं खोपटं, आणि खायला उकडलेलं कच्चं केळं नाहीतर अळणी भात. रांधणारीनेही तेच पथ्य पाळायचं. तिची पाळी गेलेली असावी आणि तिच्या अंथरुणात पुरुष नसावा. ओर्फेलिना पन्नाशी उलटलेली विधवा. "जिवंतपणी नाही, पण मेल्यावर नवऱ्याने मला कामाला लावलं," असं ती हसत सांगायची.

एल्मेरचे हातपाय सैल पडले तेव्हा बाबा उठला आणि सगळ्यांना चुलीपाशी घेऊन आला. स्वयंपाकाचं छप्पर खोपटाच्या खालच्या अंगालाच होतं.

"बाधलंय त्याला," बाबा म्हणाला. "काल रात्री वेल घेतली आणि आज हे. पथ्य मोडलंय. कोणी मोडलं ते मला आत्ता कळलं पाहिजे."

"कळून काय करणार?" होविताने विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

"त्यानं मोडलं असेल तर उभा राहिला की घरी जाईल. माझ्या बापापासूनचा नियम आहे, मी बदलणार नाही. बाहेरच्या कुणाच्या विटाळानं झालं असेल तर पोराचा दोष नाही. उतरवू, आणि पहिल्यापासून सुरू करू."

ओर्फेलिनाचा हात एप्रनच्या खिशात गेला. तिथे केळीसारख्या रुंद पानाची एक चुरगळलेली पुडी होती. पहाटे पाणी आणायला जाताना एल्मेरच्या खोपटामागे ती तिला सापडली होती. आत डुकराच्या धुरावलेल्या मांसाची खाऊन उरलेली कातडी होती आणि मिठाचे खडे. हीच पुडी काल होविता मांडीवर घेऊन बसली होती. "बाबांसाठी आणलंय," असं ती म्हणाली होती, आणि ओर्फेलिनाने खरं मानलं होतं.

राग यावा तसा तिला आला नव्हता. काल लेकाला लांबूनच बघायची परवानगी होती. हाडांचा सापळा झालेलं पोर बघून कुठली आई रिकाम्या हाती परतेल? आईचं काळीज अळणी भाताने भरत नाही. पण काम ते काम. सांगायलाच हवं, म्हणून तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात होविताच बोलली. "माझं पोर असलं काही करणार नाही. तुमच्या स्वयंपाकिणीला विचारा की. पोर्फिरिओची रिक्षा रोज संध्याकाळी हिच्या दारात असते. खाली सगळं गाव बोलतंय. मी परकी, माझ्याही कानावर आलं."

पाय धरायला आलेले दोघे जमिनीकडे बघू लागले.

ओर्फेलिनाच्या अंगाची लाही लाही झाली. पोर्फिरिओ केळीचे घड पोचवायला यायचा. त्याने दोनदा तिला मागणी घातली होती, आणि दोन्ही वेळा तिने सांगितलं होतं, "आधी ती रिक्षा धू, मग बायको शोध." रात्री एकटीने कूस बदलताना त्याची आठवण यायची, हेही खरं. पण दाराची कडी तिने कधी काढली नव्हती. आणि ही बाई, जिच्या बोटांना अजून डुकराचा वास असेल, ती हे बोलत होती. पुडी काढून चुलीसमोर टाकली असती तर एका क्षणात हिचं तोंड बंद झालं असतं.

मग एल्मेर घरी गेला असता.

गेल्या साली विल्देर नावाचा मुलगा गुळाच्या खड्यापायी असाच घरी गेला. आता तो तारापोतो शहराच्या बाजारात मासेवाल्यांच्या फळीखाली झोपतो. ओर्फेलिनाने हाक मारली तर तिच्याकडे बघून पैसे मागतो, ओळखत नाही. एल्मेरने आईचं शिलाई मशीन विकलं होतं, मग भर पावसात घरावरचे पत्रे. आई छत्री उघडून बाजेवर बसून राहायची म्हणे. आणि हाच एल्मेर परवा भांड्याचा तळ बोटाने पुसून म्हणाला होता, "केळं अजून आहे का गं?" आल्यापासून पहिल्यांदा त्याने काही मागितलं होतं. ओर्फेलिना खाली येऊन चुलीपाशी एकटीच हसत बसली होती.

"ओर्फेलिना," बाबा म्हणाला, "ही काय म्हणते?"

ती लाकूड सारायला वाकली आणि लाकडाबरोबर पुडीही आत सरकवली. तिने कातडीचा विचारच केला नव्हता. चरबी चरचरली, आणि ज्या चुलीवर वर्षानुवर्षं डुक्कर शिजलं नव्हतं तिथून खमंग वास उठला. होविताचा चेहरा पांढराफटक पडला. बाबाच्या नाकपुड्या हलल्या.

"खरंय तिचं," ती घाईने म्हणाली. "माझ्याकडूनच मोडलं."

"तुझ्याकडून."

"पोर्फिरिओ. परवा रात्री."

बाबाने चुलीकडे पाहिलं, मग होविताकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"असंच सांगायचंय तुला?"

"असंच."

"मग तुला इथे पाय ठेवता येणार नाही. पुन्हा कधीच नाही. आणि गावात कळेल."

"गावाला माझ्या आधीच कळलंय, बाबा."

पाय धरणाऱ्यांपैकी एकाला हसू फुटलं, ते त्याने गिळलं. बाबा होविताकडे वळला.

"तुझ्या घरी पुरुष आहे?"

"नाही."

"पाळी?"

"गेली."

"मग आजपासून ही चूल तुझी. पोरगा बरा होईपर्यंत तू रांधायचं, आणि तो खाईल तेच खायचं. जिभेला मीठ लागलं तर मला विचारावं लागणार नाही, मला दिसेल." एवढं बोलून तो एल्मेरची बाधा उतरवण्यासाठी लिंबू कापायला गेला.

दुपार कलेपर्यंत एल्मेर उठून बसला. ओर्फेलिनाने होविताला केळं कसं सोलायचं ते दाखवलं. साल नखाने ओढायची नाही, नाहीतर चीक बोटांना चिकटतो. भात पातळ ठेवायचा, घसा सोलवटलेला असतो. होविता सगळं नीट ऐकत होती. भांडं भरून झालं, ते तिने उचललं, आणि मग तिथेच उभी राहिली.

"बाई," ती पुटपुटली, "मी तुमचं…"

"जेवण हातात असताना बोलायचं नसतं," ओर्फेलिना म्हणाली. "त्याच्याशीही नाही. ठेवायचं आणि यायचं. जा, गार होतंय."

होविता चढण चढली. वरून बांबूच्या कुडाआडून एल्मेरचा आवाज आला, घोगरा, जागा झालेला.

"ओर्फेलिना कुठाय?"

भांडं जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"आई, ओर्फेलिना कुठाय? मी ऐकलंय सगळं."

खाली ओर्फेलिना श्वास रोखून उभी होती. आता हा बोलणार, बाबाला हाक मारणार, आणि सगळं फुकट जाणार. पण भांड्यावर चमचा वाजला, थांबला, आणि पुन्हा वाजू लागला.

तिने एप्रन सोडला, घडी घालून चुलीशेजारी ठेवला आणि ती उतरणीला लागली.