उर्मिलाबाईंची खिडकी

मोरेश्वरराव स्टुलावर चढले आणि छताखालच्या पत्र्याच्या नळाला गुंडाळलेला कापूस त्यांनी मुठीत धरून पिळला. पाणी कोपरापर्यंत ओघळलं आणि खाली उभ्या असलेल्या मुलाच्या, मधुकरच्या, पायावर पडलं.

"बाबा, पुरे झालं आता. घसरून पडन कोणी या बोळीत. मशीन सरळ आईच्या खिडकीत बसवून टाकू. नळ नाही, का पाणी नाही."

"त्या खिडकीले हात नाही लावायचा."

गेल्या वैशाखात उर्मिलाबाईंना ऊन लागलं, त्यातच अर्धं अंग गेलं. खोली थंड ठेवा, असं नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं. एअर कंडिशनर आला. तेव्हा पांढुर्ण्यात तो बघायला माणसं यायची. पण उर्मिलाबाईंच्या खोलीला खिडकी एकच. कापसाच्या गाड्या, शाळेच्या पोरी, संत्र्याच्या पेट्या स्टेशनावर नेणारे हमाल, एवढंच जग त्यांना उरलं होतं. त्यावर मशीन ठोकायचं मोरेश्वररावांच्या जिवावर आलं. म्हणून मशीन बैठकीत बसवून त्यांनी दोन खोल्यांमधल्या बोळीतून पत्र्याचा नळ काढला आणि गार हवा बायकोच्या खोलीत नेली.

उन्हाळाभर सगळं छान चाललं. आषाढ लागला आणि नळातून टपटप सुरू झाली. कुठंतरी फुटला असेल म्हणून त्यांनी तो झाळून घेतला. मग कापूस बांधला. कापसाच्या व्यापाऱ्याला दुसरं काय सुचणार? भिजला की आणखी बांधायचा. नळ गादीसारखा जाड झाला, तरी थेंब काही थांबेनात.

आज मात्र त्यांनी कापूस सोलून नळ नीट चाचपला. जिथं जोड नाही, भोक नाही, तिथंही पत्रा बाहेरून चिंब होता. म्हणजे पाणी नळातून येतच नव्हतं. ओली हवा कापसातून आत शिरत होती आणि गार पत्र्याला लागून तिचं पाणी होत होतं. मोरेश्वररावांना स्वतःचाच राग आला. पावसाळी हवा प्यालेला कापूस म्हणून त्यांनी जन्मभर लोकांच्या गाड्या परत पाठवल्या होत्या.

"मधुकर, संत्र्याच्या बगीच्यावरून युरियाच्या बोऱ्यांतलं प्लास्टिक आण. अन् डांबराचा डबा."

"आता काय नवीन?"

"कापसाले हवाच नाही लागू द्यायची."

बापलेक कामाला लागले. कोरडा कापूस, वरून प्लास्टिक, प्रत्येक जोडावर डांबर. बारीकशी फट दिसली तरी मोरेश्वरराव पुन्हा स्टुलावर. कंबर धरली, धोतर डांबरानं बरबटलं, पण गडी हटला नाही. शेवटी एका सकाळी बोळीतली फरशी कोरडी ठणठणीत निघाली.

ही बातमी सांगायला ते बायकोच्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. नळाला पांघरूण मिळाल्यानं खोली आता पूर्वीपेक्षा गार झाली होती, आणि खिडकीची काच बाहेरून पांढरी धुकट. रस्ता पार दिसेनासा झाला होता.

त्यांनी उरलेल्या कापसाचा बोळा उचलला, वळसा घालून रस्त्यावर गेले आणि काच पुसू लागले. पुसता पुसता आतला पलंग दिसला, मग उशी, मग उर्मिलाबाईंचा चेहरा. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

आत येऊन ते म्हणाले, "उद्या याचाबी बंदोबस्त करतो. दुहेरी काच लावून पाहतो."

"नका करू." उर्मिलाबाईंना एकेक शब्द जुळवायला वेळ लागायचा.

"काहून? रस्ता दिसत नाही ना तुले."

"आषाढापासून मी दारातून तुमचे पायच पाहून राहिली. बोळीतले, स्टुलावरचे." त्या दम घ्यायला थांबल्या. "आज तोंड दिसलं."

मोरेश्वरराव पुन्हा बाहेर गेले आणि कापसाचा बोळा खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, सकाळी हाताशी येईल असा ठेवून आले.