उरले सात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्याखिडक्यांत माना, दारात चपलांचा ढीग, आणि सगळ्यांचे डोळे एका माणसावर. लोक त्यांना मनकवडे म्हणत. मनातलं ओळखतात, औषधं सोडवतात, अशी ख्याती. मला त्यांचा तो साखरेत घोळलेला आवाज पहिल्यापासून खटकत होता.

आईचा नंबर आला.

"माय, मनात एक आकडा धर. मला सांगू नकोस. दुप्पट कर. चौदा मिळव. आता निम्मे कर. धरलेला आकडा त्यातून काढून टाक." त्यांनी डोळे मिटले. "उरले सात."

"सातच उरले गं," आई माझ्याकडे बघून पुटपुटली.

"तुझं काळीज लख्ख दिसतंय मला. त्याला गोळ्या नकोत."

एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं ते हृदयाच्या गोळ्यांचं पाकीट आईने निमूट त्यांच्या टेबलावर ठेवलं.

मीही मनात शंभर धरले होते.

"माझेही सात उरले," मी म्हणाले. "माझं काळीज कसं आहे?"

"मायलेकींचं मन एकच असतं, पोरी."

माना डोलल्या. मी शिवणकाम करते. पिशवीत खडू असतोच. टेबलाच्या काळ्या कापडावर लिहिलं: मनातला आकडा क्ष. दुप्पट, अधिक चौदा: २क्ष + १४. निम्मे: क्ष + ७. क्ष काढला: ७.

"आई, मी गिऱ्हाइकाच्या कमरेच्या मापात शिलाईसाठी दोन इंच वाढवून घेते. त्यातून कंबर वजा केली तर काय उरेल?"

"दोन इंच. कंबर कुणाचीही असो."

"तसंच हे. तुझा आकडा यांनी ओळखला नाही, तुझ्याच हातून पुसून घेतला. उरलं ते यांच्याच चौदाचं निम्मं." मी गर्दीकडे वळले. "आता सगळ्यांनी धरा एकेक आकडा. दुप्पट करा, वीस मिळवा, निम्मे करा, धरलेला काढा."

"दहा," सगळं सभागृह एका सुरात म्हणालं. मागून कुणीतरी विचारलं, "ताई, तुम्ही कधीपासून मनकवड्या?"

मनकवडे पाणी मागू लागले.

आईने पाकीट उचललं. "मी तीन धरले होते. ह्यांना कळलंच नाही तर."

मनातलं ओळखल्याचं कुणी सांगितलं, तर घरी जाऊन वही उघडा आणि क्ष मांडून बघा. आईने त्याच दुपारी गोळी घेतली, आणि शेजारणींना हे गणित दाखवायला माझ्याकडून खडू मागून घेतला.