हौसामावशीवर गुन्हा

पंढरीभाऊंनी पेन्शन कचेरीतल्या साहेबांच्या केबिनला बाहेरून कुलूप घातलं म्हणून पोलिसांनी त्यांना धरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही अंबाडीहून टेम्पो करून भिवंडीच्या कोर्टासमोर उतरलो. म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी भांडणारा आमचा हा एकच माणूस.

सगळे घोषणा देत होते. अकलोलीची हौसामावशी मात्र गप्प. पेन्शनच्या यादीत तिच्या नावापुढे कुणीतरी 'मयत' लिहिलं होतं. जिवंत असल्याचा सरकारी कागद आणल्याशिवाय पेन्शन नाही, आणि कागदासाठी धावणारे भाऊ आत.

"वरड की मावशी," मी म्हटलं.

"मेलेलीचं वरडनं धरतील का?"

तेवढ्यात हवालदार आला. "जमावबंदी आहे. हटा, नाहीतर एकेकाचं नाव लिहून घेईन."

त्यानं वही उघडली मात्र, आमच्या लोकांनी रांग लावली. वही दिसली की रांगेत उभं राहायचं आणि अंगठा पुढे करायचा, ही वर्षानुवर्षांची सवय. देवूबाबांनी तर पिशवीतून रेशनकार्डाची झेरॉक्स काढली.

"फोटो किती लागतील?"

"बाबा, तुम्हाला अटक होतेय."

"होऊ दे. बुधवारी परत या म्हनू नका, म्हंजे झालं."

मावशीचा नंबर आला. तिची वाकलेली पाठ बघून हवालदारानं पेन खाली ठेवलं. "आजी, तू जा बाजूला. तुझं नाव नको."

तिचा चेहरा उतरला. "हितं पन न्हाय?"

"अगं, गुन्हा दाखल होईल तुझ्यावर."

"मेल्या मानसावर होतो का?"

"मेल्यावर कसा होईल?"

"मंग लिव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहा हो. त्यानं लिहिलं: हौसा रघू, वय सत्तर, राहणार अकलोली. तिनं ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"मी काय केलं, ते लिवलं का?"

"घोषणा दिल्या."

"अजून न्हाय दिल्या," ती म्हणाली, आणि कोर्टाकडे तोंड करून तिनं अशी आरोळी ठोकली की समोरचा चहावाला गाळणं हातात घेऊन बाहेर आला.

संध्याकाळी भाऊंना जामीन मिळाला आणि आम्हाला शिक्क्याच्या नोटिसा. दुसऱ्याच दिवशी मावशीनं आपली नोटीस पेन्शनच्या खिडकीत सरकवली. कारकुनानं ती उलटीपालटी करून पाहिली. कोर्टानं हजर राहायला सांगितलेल्या बाईला मयत ठेवायची त्याची छाती झाली नाही.

पेन्शन सुरू झाली. खटलाही सुरूच आहे. दर तारखेला मावशी धुतलेलं लुगडं नेसून पहिल्या गाडीनं जाते, आणि नाव पुकारायच्या आधीच 'हाय' म्हणते.