पाने: प्रकार किती?

दारिद्र्यरेषेखालील माणसांना रेषेच्या वर उचलून घेण्याचे पुण्यकर्म शासनाने हाती घेतले होते, त्या काळची ही गोष्ट. साल पंच्याण्णव असावे. शहापुरातील एका प्रशिक्षण केंद्रात सोळा बायकांना हातपंप दुरुस्तीची विद्या देण्याचे ठरले. नारळ फुटला, दीप उजळला, आणि सोळाजणी सतरंजीवर बसल्या.

त्यांत भिमी होती. मुरबाडच्या बाजूला डोंगराच्या कडेवर तिची वाडी. वाडीत एकच हातपंप, आणि तो वर्षातून सहा वेळा मौन धारण करी. मग तालुक्याहून मेकॅनिक येई, झाकण उघडी, आत डोकावून दीर्घ निःश्वास सोडी आणि विचारी, "कोंबडी शिजली का?" कोंबडी पोटात गेली की पंप बोलू लागे, पुढची कोंबडी अंगाने भरली की पुन्हा मुका होई. हा योगायोग भिमीच्या ध्यानात आला होता. दर खेपेस ती त्याच्या खांद्यावरून आत पाही. पाहून पाहून तिची खात्री पटली होती, की त्याची सगळी विद्वत्ता त्याच्या पेटीत आहे. डोक्यात त्यातले फारसे काही नाही. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकीला अवजारांची तशीच पेटी मिळणार होती. भिमी आली होती ती त्या पेटीसाठी.

प्रशिक्षक राघो विशे हे मोठे व्युत्पन्न गृहस्थ. त्यांनी भिंतीवर पंपाचे चित्र टांगले आणि तीन महिने त्या चित्राचीच पाठशाळा चालविली. सरावाचा खरा पंप भांडारात होता, भांडाराची किल्ली भांडारपालाकडे होती, आणि भांडारपाल बदली होऊन गेला होता. प्रत्येक वस्तूचे नाव विशे सर इंग्रजीतच उच्चारीत. 'स्पॅनर' हा शब्द तर ते अशा भक्तिभावाने म्हणत, की भिमीच्या शेजारच्या ठमीला तो कुठला तरी जागृत देव वाटला.

"गो भिमे," ती कुजबुजली, "ह्या स्पॅनरला कोंबडं चालतं का बोकडच लागतो?"

"चूप बस, ठमे. कोंबड्यांचं नाव नको काढू."

परीक्षेच्या दिवशी ठाण्याहून परीक्षक आले. साहेब मातृभाषेचे कडवे अभिमानी. 'पंप' हा शब्दसुद्धा त्यांनी जड अंतःकरणाने उच्चारला. दुपारी बारा वाजता पाहुणे प्रमाणपत्रे वाटायला येणार होते, तेव्हा त्याच्या आत तोंडी परीक्षा उरकायची होती. भिमीची पाळी आली.

"बाई, पाने घ्या. त्यांचे प्रकार किती?"

तीन महिने जिची धास्ती घेतली ती परीक्षा इतकी सोपी असेल, असे भिमीच्या स्वप्नातही नव्हते. तिचा चेहरा उजळला.

"बसून सांगू का सायब? टाइम लागंल."

"सांगा, सांगा."

"पळसाचं पान पत्रावळीला. टेंभुर्णीचं विडीला. सागाचं घरावर टाकायला, पन दोन वर्सांत बदलाया लागतं. दुसरं कुठलं कोवळं असंल तर भाजीला, जून असंल तर औषधाला. रानअळूचं खाजवतं, पन ते खानाराच्या तोंडावर बी असतं..."

साहेबांची लेखणी पळसापर्यंत धावली होती; ती टेंभुर्णीपाशी थबकली.

"अहो, ही नव्हेत! लोखंडी पाने!"

भिमीने प्रामाणिकपणे विचार केला. "लोखंडाची पानं आमच्या रानात नाय होत, सायब. तुमच्या ठान्याला होत असतील."

बाकीच्या पंधराजणी खदखदून हसल्या. मागून विशे सर व्याकुळ होऊन ओरडले, "स्पॅनर गो, स्पॅनर!"

"मंग सायब, तसं मराठीत विचारा ना!"

एवढा घाव कोणाही भाषाभिमान्याला सोसवला नसता. साहेबांनी भिमीच्या नावापुढे ठसठशीत शून्य काढले. "अनुत्तीर्ण."

"म्हंजे पेटी नाय?"

"नाही."

भिमी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाली, "सायब, तुमच्या आवारातला पंप बंद हाय. तो चालू केला तर?"

त्या पंपावर 'प्रशिक्षित महिलांनी दुरुस्त केलेला हातपंप' असा फलक विशे सरांनी आदल्या दिवशीच लावला होता. पाहुणे तो चालवून पाहणार होते. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि परवानगी दिली.

भिमीने वाटपासाठी मांडलेल्या पेट्यांतली एक आवारात नेऊन उघडली. चार पाने नटाला लागले नाहीत; पाचवा बसला. झाकण निघाले. आतली साखळी हँडलपासून सुटून लोंबत होती आणि तिचा नट तळाशी पडला होता. तिने तो काढून सर्वांना दाखविला.

"उत्तम," साहेब म्हणाले. "परंतु तोंडी परीक्षेचे गुण बदलता येत नाहीत. पंप जोडा आणि पेटी जमा करा."

भिमीने नट पंपाच्या कडेवर ठेवला, पाना पेटीत घातला, पेटी साहेबांच्या पायाशी नेऊन ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसली.

"अहो, जोडा ना!"

"नापास बाईनं सरकारी पंपाला हात लावायचा नाय, सायब. उद्या काय झालं तर तुमच्यावर याचं."

विशे सर बाह्या सरसावून पुढे झाले. चित्रातला नट त्यांनी शेकडो वेळा आवळला होता. हा मात्र त्यांच्या बोटांतून निसटून गवतात गेला.

"सर, स्पॅनरला नवस बोला," ठमीने सुचविले.

इतक्यात दूर वळणावर जीपचा हॉर्न वाजला. साहेबांनी कपाळ पुसले, गुणपत्रक काढले आणि शून्याच्या अलीकडे गुपचूप सात मांडला.

"सत्तर झाले, बाई!"

"सही?"

त्यांनी सही केली.

"पेटी?"

त्यांनी ती स्वहस्ते उचलून दिली. भिमीने गवतातून नट शोधला. "सायब, हँडल धरा. घट धरा, सोडू नका." साहेबांनी दोन्ही हातांनी हँडल धरले. तिने साखळी बसविली, नट आवळला, झाकण लावले. "आता मारा."

साहेबांनी हँडल मारले. पंप खोकला, तांबडे पाणी ओकला आणि मग स्वच्छ धार लागली. पाहुणे जीपमधून उतरले ते नेमके त्याच क्षणी. स्वतःच्या हाताने पंप मारणारा अधिकारी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी टाळ्या वाजविल्या आणि छायाचित्रकाराला पुढे बोलाविले.

भिमी तोवर पेटी डोक्यावर घेऊन रस्त्याला लागली होती. मुरबाडची एसटी साडेबाराची होती. मागून विशे सर धापा टाकीत आले.

"अगो भिमे, सर्टिफिकेट राहिलं तुझं!"

ती चालता चालता म्हणाली, "तुमी ठेवा, सर. तुमालाच लागंल."