करून राहिलो

प्रियदर्शनीने पुस्तिकेत सगळ्यांची नावं बदलली होती. गल्ली गाळली होती, वयंही इकडची तिकडे केली होती. बाहेरगावाहून लातुरात येऊन धंद्यात जम बसवलेल्या मालक-मॅनेजरांवर तिचं संशोधन होतं. एकेचाळीस माणसं तिच्यापुढे पोटातलं बोलली होती, ती तिच्या एका शब्दावर: तुमचं नाव कुठं येणार नाही.

आज व्यापाऱ्यांच्या सभागृहात तीच पुस्तिका वाटली होती. पहिल्या रांगेत गुंडप्पाशेठ बसले होते. तीस वर्षांपूर्वी निलंग्याहून एक पत्र्याची पेटी घेऊन एसटीने आलेला हा माणूस आज दोन डाळमिलचा मालक होता. शेवटच्या रांगेत त्यांचा मॅनेजर आनंदराज, नांदेड जिल्ह्यातल्या, विदर्भाला लागून असलेल्या हिमायतनगरचा. प्रियदर्शनी हदगावची, म्हणजे त्याच्या शेजारच्याच तालुक्यातली. तेवढ्यावर त्याने तिला कुणाला न सांगितलेलं सांगितलं होतं. नांदेडला तो स्वतःची डाळमिल काढणार होता. जागेचा कागद पुढच्या महिन्यात व्हायचा होता, आणि तोवर शेठला वास लागता कामा नये. कारण आधीच्या मॅनेजरने, मन्मथने, हेच मनात धरलं होतं. कळलं त्याच दिवशी शेठनी त्याला काढला आणि दहा-बारा फोन फिरवले. मग त्याला तूर द्यायला कुणी आडत्या उभा राहिना. मन्मथ आता क्लासच्या पोरांना जेवणाचे डबे पोचवतो. स्वतः निलंगा सोडून मालक झालेल्या माणसाला दुसऱ्याने मालक व्हायचं म्हटलं की एवढा राग का यावा, हे संशोधनाच्या कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं.

शेठनी चष्मा लावला, पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "मालकाला कळू न देता मी माझी गिरणी उभी करून राहिलो."

'करून राहिलो' हे शब्द प्रियदर्शनीला आत्ता पहिल्यांदा खटकले. बारा कोसांवर भाषा बदलते, हे तिला काय कुणी नव्याने शिकवायला हवं होतं? पण तिच्या घरी 'करतोय' असं कुणी म्हणतच नाही; आई भाकरी 'करून राहते', बाप पेपर 'वाचून राहतो'. आपल्या कानाला आपलीच बोली कधी खुपत नाही. आनंदराजचं वाक्य जसंच्या तसं ठेवल्याचा तिला उलट अभिमान होता.

"नाव नका सांगू मॅडम," शेठ शांतपणे म्हणाले. "पर ह्यो शब्द कुठला? आमच्याकडं 'करायलोय' म्हंतात."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. शेवटच्या रांगेकडे पाहायचं नाही, एवढंच तिने ठरवलं.

"शब्द माझा आहे, शेठ. मी हदगावची. लिहिताना माझ्याच तोंडचं उतरलं."

आयुष्यात संशोधनाबद्दल ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि ते पचलं. कुणीतरी हसलं, नांदेडकरांच्या बोलीवर एक चेष्टाही झाली. शेठनी पुस्तिका मिटली.

मग शेठ सहज म्हणावं तसे मागे वळले. "आनंदराज, तुमच्याच गावाकडचं की रं हे. तुला काय वाटतं?"

आनंदराज उठला.

"मला काय म्हाईत, मालक," तो म्हणाला. "मी आपलं माझं काम करायलोय."

शेठच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचीच प्रियदर्शनीला जास्त भीती वाटली.

"आठ वर्सं झाली," ते म्हणाले. "हमाल चिडवायचे, मी सोता चिडवायचो, तरी तू तुझी बोली सोडली न्हाईस. आज कशी सुटली?"

त्यांनी हात पुढे केला. आनंदराज दोन रांगांच्या मधून चालत आला. प्रियदर्शनीला ओरडून सांगावंसं वाटलं की चूक त्याची नाही, माझी आहे. पण तसं म्हणणं म्हणजे सगळं कबूल करणं होतं. तिने नजर हातातल्या पुस्तिकेवर वळवली, आणि त्याची तिला जन्मभराची लाज वाटली.

आनंदराजने कंबरेची मिलची किल्ली सोडून शेठच्या हातावर ठेवली. मग त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, नंतर मालकाकडे.

"हाव मालक," तो म्हणाला. "करून राहिलो."